पाण्याचा रिपोर्ट ‘निगेटिव्ह’, म्हणून टीबी नाही?

क्षयमुक्तीसाठी देशाने ठरवलेली 2025 ची मुदत सरली. लाख लोकसंख्येमागे 2015 मध्ये 237 असलेलं नव्या रुग्णांचं प्रमाण 2024 मध्ये 187 वर आलं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. घट मोठी आहे, पण मुक्ती अजून दूर आहे. या दशकात सीबीनॅट आणि गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट ही झटपट निदान करणारी यंत्रं तालुक्यापर्यंत पोहोचली. थुंकीच्या बाबतीत त्यांनी मोठं काम केलं. मात्र, भिवंडीच्या नारपोलीतला यंत्रमाग कामगार नेहमीच बेडका घेऊन डॉक्टरकडे जातो असं नाही.

मागावर बारा तासांची पाळी, हवेत कापसाची तूस आणि राहायला दाटीवाटीची खोली. कधीतरी श्वास घेताना एका कुशीत कळ येते, संध्याकाळी कणकण वाटते, खोकला कोरडाच असतो. एक्स-रेत एका बाजूचा खालचा कोपरा पांढरा दिसतो. ‘छातीत पाणी झालंय,’ डॉक्टर सांगतात. बरगड्यांच्या मधून सुई घालून पिवळसर पाणी काढतात, ते यंत्रात जातं आणि दोन तासांत उत्तर येतं: निगेटिव्ह. कामगाराला हायसं वाटतं. तिथेच घोटाळा होतो.

फुप्फुसाभोवतीच्या पाण्यात ही चाचणी किती पकडते? कॉक्रेन संस्थेच्या 2021 च्या आढाव्यानुसार, ज्यांच्या पाण्यातून प्रयोगशाळेत जंतू वाढले अशा शंभर रुग्णांपैकी सीबीनॅटमधल्या जुन्या एक्सपर्ट चाचणीने जेमतेम पन्नास ओळखले. पाण्यातून जंतू वाढवण्याच्या पद्धतीतूनही अनेक रुग्ण निसटतात. म्हणून लक्षणं, बायोप्सी आणि उपचारांचा परिणाम असं सगळं जमेस धरून टीबी ठरलेले रुग्ण घेतले, तर पकडले जाणारे शंभरात विसाच्या आसपास उरतात. भारतीय तज्ज्ञांच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांनी फुप्फुसाच्या आवरणाच्या टीबीसाठी ही चाचणी सरसकट वापरू नये, असं स्पष्ट लिहिलं होतं.

याचं कारण आजाराच्या स्वभावात आहे. घरात चोर एकच शिरावा आणि दारात अख्खी आळी गोळा व्हावी, तसं हे पाणी. आवरणात शिरलेल्या मोजक्या जंतूंवर शरीराची प्रतिकारशक्ती तुटून पडते आणि त्या प्रतिक्रियेतून लिटरभरसुद्धा पाणी साठतं. जंतू राहतात आवरणात, सुईत येतं पाणी. यंत्र जंतूची जनुकं शोधतं. नमुन्यात जंतूच नसेल तर ते तरी काय शोधणार? नव्या अल्ट्रा चाचणीने, पाण्यातून जंतू वाढलेल्या रुग्णांत, ही पकड पन्नासवरून पंचाहत्तरीपर्यंत नेली, पण खोट्या पॉझिटिव्हचं प्रमाणही वाढलं.

म्हणून यंत्र टाकाऊ ठरत नाही. जुन्या चाचणीने ‘पॉझिटिव्ह’ म्हटलं तर ते जवळजवळ नेहमीच खरं असतं, शिवाय रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाला जंतू दाद देतो का, तेही कळतं. निगेटिव्ह उत्तरावर मात्र विसंबता येत नाही. तेव्हा पाण्यातल्या पेशी आणि एडीए या विकराची पातळी पाहायला हवी. लिम्फोसाइट पेशींचा भरणा आणि एडीए 40 च्या वर, हे आपल्याकडे टीबीच्या बाजूचं भक्कम लक्षण आहे. पू झाला असेल किंवा काही कर्करोग असतील तरीही एडीए वाढतो, त्यामुळे एका आकड्यावर निकाल देणंही धोक्याचं. दुर्बिणीतून आवरणाचा तुकडा काढणं सर्वांत खात्रीचं, पण ती सोय मोठ्या रुग्णालयात. मीटरवर मजुरी मिळणाऱ्याने मुंबईच्या खेपा घालायच्या म्हणजे तेवढ्या दिवसांची कमाई बुडाली.

सर्वांत फसवी गोष्ट पुढेच आहे. उपचार केले नाहीत तरी हे पाणी बहुधा दोन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. ताप जातो, माणूस पुन्हा मागावर उभा राहतो. टीबीची औषधं हाताशी नव्हती त्या काळात, 1940 ते 1944 दरम्यान, असं पाणी झालेल्या 141 अमेरिकन सैनिकांचा पुढे पाठपुरावा झाला. त्यातल्या 65 टक्क्यांना पाच वर्षांत टीबीने पुन्हा गाठलं. आज सहा महिन्यांच्या गोळ्यांनी हे टळतं. असा कामगार एका खोलीत दहा जणांसोबत राहत असेल, तर त्याचं निदान चुकण्याची किंमत तो एकटा मोजत नाही.

एका स्वस्त उपायाकडे तर फारच थोड्यांचं लक्ष जातं: थुंकी. कोरडा खोकला आहे, एक्स-रेत फुप्फुस स्वच्छ आहे, म्हणून ती तपासायला पाठवलीच जात नाही. ब्राझीलमधल्या 2003 च्या एका अभ्यासात अशा रुग्णांना मिठाच्या पाण्याची वाफ देऊन थुंकी काढली, तेव्हा निम्म्याहून किंचित जास्त जणांच्या थुंकीतून टीबीचे जंतू वाढले; फुप्फुस स्वच्छ दिसणाऱ्यांतही प्रमाण जवळपास तेच होतं. वाफ देताना जंतू हवेत उडतात, त्यामुळे मोकळ्या हवेची जागा आणि मास्क हवा. एवढी व्यवस्था भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर करणं अवघड नसावं. आणि प्रयोगशाळांनी पाण्याच्या निगेटिव्ह रिपोर्टखाली एक ओळ मराठीत आणि हिंदीत छापावी: ‘या निकालावरून टीबी नाही असं ठरत नाही, डॉक्टरांना पुन्हा भेटा.’