रानपाखरांचे रेखीव छायाचित्र

चैत्र लागला की बेंबळीच्या शिवारातली रब्बीची ज्वारी निघालेली असते आणि उघड्या रानात पाखरे सहज नजरेस पडू लागतात. हाती कॅमेरा असला म्हणजे मोह आवरत नाही. आम्हीही एकदा वेड्या राघूची चाळीसेक छायाचित्रे घेतली. घरी येऊन पाहतो तो पुढची बाभळीची फांदी काट्यांनिशी स्पष्ट, आणि तिच्यामागचा राघू म्हणजे केवळ एक हिरवा डाग! ही चूक कशाने झाली, हे शोधताना जे हाती लागले तेच श्रोत्यांपुढे ठेवीत आहोत.

छायाचित्र अस्पष्ट येण्याची कारणे तीन, आणि प्रत्येकाची खूण निराळी. सगळेच चित्र एका दिशेने फरफटल्यासारखे दिसले, तर आपला हात हलला असे समजावे. बाकी सर्व रेखीव पण पाखराचे पंखच पुसट, तर पाखरू हलले. आणि पुढचे किंवा मागचे गवत स्पष्ट पण पाखरू नाही, तर फोकस चुकला. रोग ओळखल्यावाचून औषध देऊ नये, हे येथेही खरे.

हात हलण्यावर जुना ठोकताळा असा: भिंग ४०० मिलिमीटरचे असेल, तर शटर निदान १/४०० सेकंदाचे ठेवावे. कोपरे बरगड्यांना टेकवावीत, डावा हात भिंगाखाली धरावा, अर्धा श्वास सोडून कळ हलकेच दाबावी. जमिनीवर पालथे पडून ज्वारीच्या छोट्या पिशवीवर भिंग टेकवले तर त्याहून उत्तम. आजच्या भिंगांत कंप शोषून घेण्याची सोय असते. पण ती आपला हात सावरते, पाखराला थांबवीत नाही. उडत्या पाखरासाठी १/२००० सेकंदापर्यंत जावे लागते. उजेड कमी पडला तर संवेदनक्षमता वाढवावी. चित्रावर थोडे रवे दिसले तरी चालतील. पुसटपणा मात्र मागाहून निघत नाही.

फोकसचे गणित अधिक कठीण. ४०० मिलिमीटरचे भिंग, छिद्र ५.६ आणि पाखरू दहा मीटरवर असेल, तर पूर्ण आकाराच्या संवेदकावर स्पष्ट दिसणारा पट्टा सुमारे २० सेंटीमीटरचाच असतो. पाच मीटरवर तो पाचच सेंटीमीटर उरतो! म्हणून फोकसचा एकच बिंदू निवडून तो पाखराच्या डोळ्यावर ठेवावा. डोळा रेखीव असला की शेपटीचा पुसटपणा खटकत नाही. हलत्या पाखरासाठी सतत माग घेणारा फोकस लावावा. वेडा राघू माशी पकडून बहुधा त्याच जागी परत येतो. त्या रिकाम्या जागेवर आधीच फोकस धरून थांबणे हीच खरी युक्ती.

आमच्या माळावर आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे ऊन. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि दूरचे पाखरू पाण्यातल्यासारखे दिसते. तेथे कोणतेही महागडे भिंग कामाचे नाही. सूर्योदयानंतरचा पहिला प्रहर साधावा.

मग जवळ जावे, असे वाटते. इंग्लंडात रिचर्ड आणि चेरी कीअरटन हे बंधू पाखरांजवळ जाण्यासाठी पोकळ बैलाच्या आत दडून बसत. परंतु येथे एक सावधगिरी हवी. याच दिवसांत माळटिटवी उघड्या जमिनीवर, मातीच्याच रंगाची, बहुधा चार अंडी घालते. आपण घरट्याजवळ रेंगाळलो तर ती दूर ओरडत राहते आणि अंडी उन्हात तापतात. ती ओरडू लागली की मुकाट्याने मागे फिरावे.

रेखीव चित्राची ही एवढी यातायात केवळ शोभेसाठी नाही. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले. तरी तो पक्षी आज नामशेष होण्याच्या काठावर आहे. असे दुर्मिळ पाखरू कोणाच्या दृष्टीस पडले, तर स्पष्ट छायाचित्र ही साक्ष ठरते. अस्पष्ट डागावर कोण विश्वास ठेवील? मात्र ज्याच्यासाठी साक्ष द्यायची त्यालाच उपद्रव होत असेल, तर कॅमेरा खाली ठेवावा. पाखरू सुखरूप राहिले, तर छायाचित्र उद्याही घेता येईल.