साल्टस्ट्राउमेनमधील ड्रिफ्ट डायव्हिंग

साल्टस्ट्राउमेन ही उत्तर नॉर्वेतील बोडो शहराजवळची, आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेस असलेली अरुंद सामुद्रधुनी आहे. तिच्यावरील पुलाच्या परिसरात ड्रिफ्ट डायव्हिंग केले जाते. या प्रकारात पाणबुड्या प्रवाहाविरुद्ध पोहत नाही; तो प्रवाहासोबत वाहत जातो आणि नौका वरून त्याचा माग ठेवते.

प्रवाहाचे कारण

सुमारे 3 किमी लांब व 150 मीटर रुंद असलेली ही सामुद्रधुनी बाहेरील साल्टफ्योर्ड आणि आतील शेरस्टाफ्योर्ड यांना जोडते. भरतीच्या वेळी बाहेरील पातळी चढते, परंतु अरुंद वाटेमुळे आतील पाणी तितक्या वेगाने चढू शकत नाही. या फरकामुळे दर सहा तासांत सुमारे 40 कोटी घनमीटर पाणी येथून वाहते. प्रवाहाचा कमाल वेग सुमारे 20 नॉट (ताशी 37 किमी) सांगितला जातो. मोठे भोवरेही निर्माण होतात.

डुबकीची वेळ

दोन्ही बाजूंची पातळी समान होते तेव्हा प्रवाह थोडा वेळ मंदावतो व नंतर दिशा बदलतो. हा क्षण किनाऱ्यावरील पूर्ण भरतीच्या क्षणाशी जुळतोच असे नाही. त्यामुळे केवळ भरतीचे वेळापत्रक पुरेसे नसते. या सामुद्रधुनीच्या प्रवाहाच्या वेळा पाहाव्या लागतात. डुबकी या संथ काळाच्या आसपासच घेतली जाते. उधाणाच्या तुलनेत भांगाच्या दिवसांत प्रवाह सौम्य असतो.

जीवसृष्टी

प्रवाह सतत अन्नकण आणत असल्याने खडकांवर समुद्रफुले, स्पंज व मृदू प्रवाळ दाटीने वाढतात. उथळ भागात केल्प हे समुद्रशैवाल आढळते. कॉड, कोलफिश व वुल्फफिश हे मासेही येथे दिसतात. 2013 मध्ये या क्षेत्राला सागरी संरक्षित क्षेत्राचा दर्जा मिळाला.

धोके व दक्षता

खाली खेचणारे प्रवाह पाणबुड्याला अल्पावधीत नियोजित खोलीपेक्षा खाली नेऊ शकतात. खोली वाढली की हवा लवकर संपते आणि वर येताना विसंपीडन विकाराचा धोका वाढतो. म्हणून उथळ राहणे व खडकाच्या भिंतीजवळून वाहणे सुरक्षित मानले जाते. तरी उथळ पाण्यातही प्रवाहाचा धोका टळत नाही. थंडीपासून बचावासाठी ड्राय सूट वापरतात. अतिथंड पाण्यात रेग्युलेटर गोठून हवा अखंड वाहू लागण्याची शक्यता असल्याने थंड पाण्यासाठी बनवलेला रेग्युलेटर आवश्यक ठरतो. पृष्ठभागावरील नौकेला जागा कळावी म्हणून प्रत्येक जोडी रंगीत बोया बाळगते. स्थानिक प्रवाहाची माहिती असलेल्या मार्गदर्शकाविना येथे डुबकी घेणे धोक्याचे समजले जाते.