‘नवी प्रजाती’ किती नवी?

खोल समुद्रात ‘नवी प्रजाती सापडली’ असे वाचले की तो प्राणी काल-परवाच प्रथम कुणाला दिसला, असा समज होतो. अभ्यासकांना अभिप्रेत असते ती ‘अवर्णित प्रजाती’ (जिचे रीतसर वर्णन व नामकरण झालेले नाही अशी). शेत पिढ्यान्‌पिढ्या कसले जात असावे आणि सातबारा मात्र निघालेला नसावा, तसे हे आहे.

युरिथेनेस प्लास्टिकस हा अँफिपॉड (कोळंबीसारखा दिसणारा, पण तिच्यासारखे पाठीवर सलग कवच नसलेला जीव) पाहा. २०१४ साली पॅसिफिकमधल्या मारियाना गर्तेत, सहा ते सात हजार मीटर खोलीवर, आमिषाच्या सापळ्यांत तो मिळाला. नाव मिळाले २०२० मध्ये. पायांची, जबड्यांची ठेवण सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ती जवळच्या भाईबंदांशी ताडावी लागते, डीएनएही तपासावा लागतो. नुसत्या रूपावर विसंबणे धोक्याचे. याच गटातला युरिथेनेस ग्रिलस जगभरच्या समुद्रांत पसरलेली एकच प्रजाती मानला जाई; डीएनए तपासल्यावर त्या एका नावाखाली अनेक प्रजाती निघाल्या. वर्णन पूर्ण झाले की एक नमुना ‘होलोटाइप’ (नावाचा कायमचा आधार) म्हणून संग्रहालयात जपला जातो.

प्लास्टिकस हे नाव मात्र रूपावरून पडलेले नाही. एका नमुन्याच्या आतड्यात प्लास्टिकचा तंतू सापडला होता.