लेखणी आणि समाधान

पनवेलहून कोकणात जाणाऱ्या महामार्गाने दक्षिणेकडे निघाले, म्हणजे रायगड जिल्ह्यातच पुढे महाड तालुका लागतो. तेथे सह्याद्रीच्या कुशीत शिवथरघळ नावाची विस्तीर्ण गुहा आहे. समर्थ रामदासांनी ‘दासबोध’ हा ग्रंथ या घळीत सांगितला आणि त्यांचे शिष्य कल्याणस्वामी यांनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे.

या ग्रंथाच्या १९ व्या दशकातील पहिला समास लेखनकलेविषयीचा आहे. लिहिणाऱ्याने निरनिराळ्या देशांचे, निरनिराळ्या प्रकारांचे सरळ बोरू जमवावेत, असे समर्थ त्यात सांगतात. म्हणजे लेखण्यांचा संग्रह हा काही आजचाच छंद नव्हे. परंतु त्याच समासात त्यांची आणखी एक अपेक्षा आहे. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सारा ग्रंथ एकाच लेखणीने लिहिला आहे, असे वाचणाऱ्याला वाटले पाहिजे. लेखण्या पुष्कळ असाव्यात. पण त्या सुंदर अक्षरासाठी असाव्यात, हे समर्थांच्या उपदेशाचे मर्म होय.

बोरू चाकूने तासावा लागे आणि वरचेवर दौतीत बुडवावा लागे. पुढे धातूचे निब बसवलेला टाक आला. तोही बुडवावाच लागे. ही अडचण झरणीने, म्हणजे फाउंटनपेनने दूर केली. झरणीच्या पोटातच शाई साठवलेली असते. ती एकदम बाहेर सांडू नये व अडूनही राहू नये, ही खरी कसोटी होती. अमेरिकेतील लुईस वॉटरमन यांनी १८८४ साली अशा लेखणीचे एकस्व मिळवले. त्यांनी निबाखालच्या पट्टीला बारीक खाचा ठेवल्या. केशाकर्षणामुळे शाई त्या खाचांतून निबाच्या चिरेपर्यंत येते आणि जेवढी शाई कागदावर उतरते, तेवढी हवा आत शिरून तिची जागा घेते.

या रचनेतच एक धडा दडलेला आहे. शाई भरलेली झरणी बरेच दिवस न वापरता ठेवली, तर खाचांतील शाई वाळते, चीर बुजते आणि लेखणी अडते. मग निब पाण्यात भिजवून धुवावे लागते. याउलट, जी झरणी रोज लिहिते ती सहसा अडत नाही आणि लिहिणाऱ्याचा हातही तिला सरावतो. वीस झरण्या बाळगणाऱ्याला वीस झरण्या धुण्याचे व पुसण्याचे व्रत घ्यावे लागते. ज्याला हे व्रत आवडते, प्रत्येक लेखणीची घडण जो जाणतो आणि आळीपाळीने प्रत्येकीने लिहितो, त्याचा संग्रह हा अभ्यासच होय. परंतु नवी लेखणी हाती येताच ज्याचे मन दुकानातील दुसरीकडे धावते, त्याच्या पेटीत झरण्या वाढतात आणि समाधान मात्र वाढत नाही. हाती असलेल्या वस्तूचा आनंद घेण्याआधीच तो नसलेल्या वस्तूसाठी झुरू लागतो.

साताऱ्यात जन्मलेले काकासाहेब कालेलकर यांनी महात्मा गांधींची एक आठवण सांगितली आहे. १९१५ साली मुंबईस काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. तेव्हा गांधीजी काहीतरी शोधण्यात गढून गेलेले त्यांना दिसले. विचारता कळले, की एक लहानशी पेन्सिल हरवली आहे. काकासाहेबांनी आपली पेन्सिल पुढे केली. पण गांधीजींना तीच हवी होती. मद्रासचे नटेसन यांच्या लहान मुलाने ती मोठ्या प्रेमाने त्यांना दिली होती. ती हरवणे त्यांना सोसवेना. दोघांनी मिळून शोध केला, तेव्हा पेन्सिलीचा एक आखूड तुकडा सापडला आणि गांधीजींचा जीव भांड्यात पडला.

त्या तुकड्याची किंमत बाजारात शून्य होती. देणाऱ्याचे प्रेम आणि घेणाऱ्याची कदर यांमुळे तो मोलाचा ठरला होता. लेखणी एक असो वा अनेक असोत, जी आपली आहे तिला ओळखावे, जपावे आणि तिच्याकडून नित्य काम घ्यावे. ज्याला हे साधले, त्याला दुसऱ्याच्या खिशातील लेखणी पाहून आपली उणी वाटत नाही. आपल्या लेखणीने तो निश्चिंतपणे लिहीत राहतो आणि त्याचे अक्षर दिवसेंदिवस सुधारत जाते.