विखुरलेल्या पेशी आणि तासाचा ठोका

ऱ्हीसस माकडाच्या हायपोथॅलॅमसचा पातळ काप निसलच्या पद्धतीने रंगवला, की काही पेशीपुंज चटकन डोळ्यांत भरतात. दृष्टिचेतांच्या फुलीच्या बाजूला सुप्राऑप्टिक पुंज, मेंदूच्या तिसऱ्या विवरालगत पॅराव्हेंट्रिक्युलर. यांतल्या मोठ्या, गडद पेशी व्हॅसोप्रेसिन आणि ऑक्सिटोसिन तयार करतात आणि लांब तंतूंवाटे पीयूषिका ग्रंथीच्या मागच्या भागात पोचवतात. चेतापेशी स्राव करते, हे एर्न्स्ट शारर यांनी १९२८ मध्ये माशाच्या मेंदूवरून मांडले. ते पटायला बराच काळ गेला. १९४९ मध्ये वोल्फगांग बार्गमान यांनी गोमोरीच्या रंगाने तो सगळा मार्गच डोळ्यांसमोर आणला.

प्रजननाचा कारभार पाहणाऱ्या, जीएनआरएच हे संप्रेरक स्रवणाऱ्या पेशी मात्र अशा कुठल्याच पुंजात सापडत नाहीत. निसलच्या रंगात त्या शेजारच्या पेशींतून वेगळ्या काढता येत नाहीत. प्रतिपिंडांच्या मदतीने रंगवल्या तरच दिसतात. संख्या जेमतेम एक-दोन हजार. गर्भात त्या नाकाच्या अस्तरात जन्मतात आणि तिथून सरकत मेंदूत शिरतात. त्या इतक्या विखुरलेल्या का, याचा उलगडा या प्रवासात होतो. उंदरात त्यांतल्या बहुतेक पुढे, प्रीऑप्टिक भागात राहतात. माकडात मागे, हायपोथॅलॅमसच्या तळाशीही पुष्कळ असतात. माझ्या मते माकडाच्या हायपोथॅलॅमसविषयी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. उंदरांत प्रीऑप्टिक भागाचा संबंध तुटला की बीजमोचन थांबते. माकडात तसे होत नाही.

हे ठामपणे कळले ते पिट्सबर्ग विद्यापीठात अर्न्स्ट नोबिल यांच्या गटामुळे. त्यांनी माद्यांमधला तळाचा आर्क्युएट पुंज नष्ट केला, तेव्हा पीयूषिकेतून येणारी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरके जवळजवळ थांबली. मग जीएनआरएच सलग देऊन पाहिले. उपयोग झाला नाही. दर तासाला सहा मिनिटे दिले, आणि संप्रेरके परतली. हा निष्कर्ष १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८० मध्ये त्याच गटाने दाखवले की तासाचा हा ठोका न बदलताही बीजमोचनासह पूर्ण मासिक चक्र चालते, आणि वयात न आलेल्या माद्यांतही ते सुरू करता येते. म्हणजे बीजमोचनाआधी एलएचची जी लाट उसळते, तिच्यासाठी माकडाच्या हायपोथॅलॅमसकडून वेगळा हुकूम लागत नाही. अंडाशयातले इस्ट्रोजेन पीयूषिकेवरच काम करते.

त्याच १९७८ साली भारताने ऱ्हीसस माकडांची निर्यात बंद केली. त्याआधी इथली असंख्य माकडे परदेशी प्रयोगशाळांत गेली होती. बंदी योग्यच होती. या ज्ञानासाठी त्या प्राण्यांनी मोजलेली किंमत आढाव्यात नोंदवायलाच हवी.

ठोका नेमका कोण देते? आज बोट दाखवले जाते ते आर्क्युएटमधल्या किसपेप्टिन पेशींकडे. या रेणूचे प्रजननातले महत्त्व २००३ मध्ये उघड झाले, वयात न येणाऱ्या माणसांच्या जनुकांतून. माकडांतून मिळालेला नियम तोवर दवाखान्यात पोचलाही होता: हायपोथॅलॅमसच्या बिघाडामुळे पाळी थांबलेल्या स्त्रियांना १९८० पासून छोट्या पंपाने ठरावीक अंतराने जीएनआरएच दिले जाऊ लागले. प्रोस्टेटच्या कर्करोगात हेच उलट वापरतात. त्याच जातीचे औषध सतत शरीरात ठेवले की पीयूषिका गप्प होते आणि टेस्टोस्टेरॉन खाली येते.