जेली हवी, जिलेटिन नको : लाल शेवाळाचा पर्याय

रमजानमध्ये इफ्तारच्या दस्तरखानावर चायना ग्रासचे पुडिंग नसेल असे मोहल्ले थोडेच. किराणा दुकानात पांढऱ्या पट्ट्यांच्या रूपात मिळणारी ही वस्तू गवत नाही. समुद्रातील लाल शेवाळ उकळून काढलेला तो अगर आहे.

आपल्या मिठाई व बेकरीवाल्या बांधवांनी त्याकडे व्यापाराच्या नजरेनेही पाहावे. जेलीसाठी सर्रास वापरले जाणारे जिलेटिन डुकराच्या किंवा गुराढोरांच्या कातडी-हाडांपासून निघते. जनावर कोणते, जबिहा झाले होते की नाही, हे डब्यावरून कळणे कठीण. हलाल जिलेटिनही मिळते, पण त्याची खात्रीलायक कागदपत्रे मागावी लागतात. शेवाळाच्या बाबतीत हा पेच नाही. पाकिटावर ४०६ हा आकडा अगरचा, तर ४०७ कॅरागीननचा. दोन्ही लाल शेवाळाचेच. मात्र हिरवा ठिपका शाकाहाराची खूण आहे, हलालची नव्हे. इतर घटक वाचलेच पाहिजेत.

किलोमागे अगर महाग पडतो, हे खरे. पण एक लिटर दुधाला साधारण दहा ग्रॅम पुरतो. जिलेटिनची जेली ३५ अंशांच्या आतच वितळू लागते. अगर एकदा गोठला की सुमारे ८५ अंशांपर्यंत टिकतो. मे महिन्यात हातगाडीवर माल विकणाऱ्याला हा फरक सांगायला नको! कच्चा अननस वा पपई जिलेटिनला गोठू देत नाही, अगरला देते. लिंबाचा रस मात्र भांडे उतरवल्यावरच घालावा, सोबत उकळल्यास पकड सैल होते. चिवट, लवचिक गोळी हवी असेल तर अगर कामाचा नाही, तो तुकडा पडणारी जेली देतो.

आरोग्याच्या नावाने मात्र अवास्तव जाहिरात करू नये. अगर बहुतांशी न पचणारा तंतू आहे. त्याने पोट भरल्यासारखे वाटते, शौचाला मदत होते. पण एका वाटीत तो जेमतेम ग्रॅमभर येतो आणि साखर मूठभर! मधुमेही माणसाला शेवाळ वाचवणार नाही. प्रथिने भरपूर असतात ती जपानी लोक खातात त्या नोरी या लाल शेवाळात, अगरमध्ये नव्हे. समुद्री शेवाळात आयोडीन असते व त्याचे प्रमाण जातीनुसार फार बदलते. प्रौढाची रोजची गरज अवघी १५० मायक्रोग्रॅम. म्हणून थायरॉईडच्या रुग्णांनी शेवाळ वा त्याच्या गोळ्या नियमित खाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. अगरची कोरडी भुकटी तर कोणीच गिळू नये, ती घशात फुगते.

आपल्या देशात हा कच्चा माल मुख्यतः तामिळनाडूतून येतो. रामनाथपुरम जिल्ह्यात पांबन, मंडपमच्या किनाऱ्यावर कोळी समाजाच्या स्त्रिया बोटांना चिंध्या गुंडाळून बुडी मारतात व खडकावरचे शेवाळ खुडून आणतात. मदुराईच्या परिसरातील कारखाने त्यापासून अगर काढतात. घाऊक खरेदी करणाऱ्याने प्रथम एका लिटरचा नमुना गोठवून पाहावा, कारण प्रत्येक मालाची पकड सारखी नसते.