नळीतून किती गेलं, एवढंच पुरेसं नाही

ब्रिटनमधल्या मुलांच्या अतिदक्षता विभागात आहारतज्ज्ञ म्हणून वावरताना एक काम दर काही तासांनी पाहायला मिळतं. व्हेंटिलेटरवरच्या बाळाच्या नाकातून जठरात गेलेल्या नळीला नर्स सिरिंज लावते आणि दट्ट्या सावकाश मागे ओढते. फुटलेलं, पिवळसर दूध वर येतं. त्याचा थेंब पीएच पट्टीवर टाकायचा, ५.५ किंवा त्याहून कमी आला की नळी जठरात आहे असं धरून पुढे जायचं. त्यासाठी थेंबभर पुरतं. पण पुष्कळ ठिकाणी तेवढ्यावर न थांबता जठरात उरलेलं सगळं ओढून मोजतात आणि आकडा मोठा वाटला की फीड थांबवतात. किती म्हणजे मोठा, यावर एकमत नाही. नळी बारीक असली, तिचं टोक जठराच्या भिंतीला टेकलं किंवा बाळाची कूस बदलली, तरी आकडा बदलतो.

मग हे मोजणं बंद करून पाहिलं तर? चाचणी घेता येईल. पण तिचा निकाल कशावरून ठरवायचा, इथे खरी कसोटी लागते.

प्रौढांबाबत फ्रान्समध्ये जाँ रेनिए आणि सहकाऱ्यांनी अशी चाचणी घेतली. २०१३ साली निष्कर्ष आले. ४४९ रुग्णांमध्ये व्हेंटिलेटरवर होणारा न्यूमोनिया हा निकष होता, आणि न मोजल्याने तो वाढला नाही. मुलांना हाच निकष लावायचा तर अडचण येते. एक्स-रेवरचा पांढुरका भाग न्यूमोनियाचा, विषाणूसंसर्गाचा की फुप्फुसाचा तुकडा मिटल्याचा, यावर दोन अनुभवी डॉक्टरांचंही जमत नाही. मृत्यू हा निकष घेतला, तर इथे सुदैवाने फार थोडी मुलं दगावतात. फरक दिसायला हजारो मुलं लागतील. मुक्कामाचे दिवस मोजले, तर वॉर्डात खाट रिकामी नाही म्हणून अडकलेलं मूलही आजारीच धरलं जातं.

राहतो तो ऊर्जेचा निकष: ठरवलेल्या कॅलरींपैकी किती टक्के पोटात गेल्या. माझ्या पेशाला तो जवळचा आणि तक्त्यावरून लगेच निघणारा. पण ते उद्दिष्ट वजनावरून सूत्राने काढलेलं असतं, आणि शस्त्रक्रियेनंतर सुजलेल्या बाळाचं खरं वजन कोणतं धरायचं? त्याहून मोठा प्रश्न असा, की जास्त म्हणजे चांगलं हे आपण आधीच गृहीत धरलेलं असतं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पेपॅनिक चाचणीने त्यालाच धक्का दिला. ती शिरेतून देण्याच्या पोषणाची होती. बेल्जियम, नेदरलँड्स आणि कॅनडातली १,४४० मुलं तिच्यात होती. शिरेतलं पोषण आठवडाभर लांबवलेल्या गटात नवे संसर्ग १०.७ टक्के, लगेच दिलेल्या गटात १८.५ टक्के. निकष कॅलरींचा असता, तर दुसरा गट जिंकला असता!

नळीच्या प्रश्नावर ब्रिटनमध्ये लिव्होन ट्यूम यांच्या पुढाकाराने झालेल्या गॅस्ट्रिक अभ्यासात निकष ठरवताना पालकांनाही विचारलं गेलं. हे मला फार मोलाचं वाटतं. खाटेपाशी बसलेली आई मला टक्के विचारत नाही. ती विचारते, उलटी छातीत तर जाणार नाही ना? पोट का फुगलंय? श्वासाची नळी कधी निघेल?

माझं मत विचाराल, तर मुख्य निकष व्हेंटिलेटरशिवाय जिवंत काढलेल्या दिवसांचा असावा. 'जिवंत' हा शब्द गाळून चालणार नाही; नाहीतर लवकर दगावलेलं मूल व्हेंटिलेटर लवकर सुटलेलं म्हणून यशात मोजलं जाईल. उलटी आणि पोटफुगी कशाला म्हणायचं, हे सगळ्या रुग्णालयांनी आधी एकत्र ठरवावं. कॅलरी जरूर नोंदवाव्यात, पण निकाल त्यांच्यावर नको. आणि मूल घरी गेल्यावर कसं खातं, कसं वाढतं, हे पुढेही विचारत राहावं.

ही शेवटची माहिती तक्त्यावर नसते, ती घरच्यांकडेच असते. तुमचं मूल कधी अशा चाचणीत असेल, तर काही महिन्यांनी येणारी ती प्रश्नावली कृपया भरून पाठवा.